झाडावर राहिलेल्या फांदीचे पैसे

“लाकूड तुम्हीच न्या की, मग वर पैसे कसले?”

साताऱ्यात झाडाच्या कामाचा फोन आला की चौथ्या-पाचव्या वाक्याला हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याची काही चूक नाही. आपल्याकडं हा व्यवहार असाच चालत आलाय. अंगणातलं झाड नको झालं की वखारवाल्याला निरोप द्यायचा. तो माणसं घेऊन येणार, झाड आडवं करणार, ओंडके टेम्पोत भरून नेणार. साग किंवा फणस असेल तर वर मालकालाच चार पैसे देऊन जाणार. गुलमोहोर, सुबाभूळ असलं काही असेल तर देणं-घेणं काही नाही, ‘फुकटात काम झालं’ म्हणून मालक खूश. या हिशेबात जितकं जास्त लाकूड खाली येईल तितका तोडणाऱ्याचा फायदा. मी करतो ते काम बरोबर याच्या उलटं. झाड जागेवर ठेवायचं, धोक्याची असेल तेवढीच फांदी काढायची, बाकीची वर राहू द्यायची. म्हणजे मी पैसे मागतो ते वर राहिलेल्या फांदीचे, आणि ती काही टेम्पोत भरून दाखवता येत नाही.

या धंद्यात मी आलो दोरामुळं. कॉलेजच्या दिवसांत सह्याद्रीतले कडे चढायचा-उतरायचा नाद होता. त्यामुळं हार्नेस म्हणजे कमरेला बांधायचे पट्टे, कॅराबिनर म्हणजे दोर अडकवायच्या कड्या, आणि दोर हे सगळं घरात होतं आणि गाठी हाताला सवयीच्या होत्या. एका वळवाच्या रात्री गोडोलीत ओळखीच्या काकांच्या पत्र्यावर निलगिरीची मोडकी फांदी लोंबकळत राहिली. वायरमननं लाईन बंद करून दिली, पण वर जायला कुणी धजेना. मी गेलो, फांदी बांधली आणि तुकड्या-तुकड्यानं खाली सोडली. काकांनी चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मेहुण्याचा फोन आला. धंद्याचा नारळ फुटला तो असा.

माझे जोडीदार मामा. सख्खे नव्हेत, सगळी आळीच त्यांना मामा म्हणते. आयुष्य वखारीत गेलेलं. ओंडका कुठं चिरणार, झाड कुणीकडं कलणार हे त्यांना नुसती साल बघून कळतं. आता गुडघ्यांमुळं ते वर चढत नाहीत, पण खाली दोर त्यांच्या हातात असला की मला वर झोप लागेल इतका भरवसा. तिसरा एक पोरगा असतो, फांद्या ओढायला आणि रस्त्यावरची माणसं थोपवायला. हे तिसरं काम सगळ्यात अवघड आहे, त्याबद्दल पुढं.

शिकवणारं इथं कुणी नव्हतं. दोराचं मला येत होतं, लाकडाचं मामांना. झाडाचं दोघांनाही नवीन होतं. ते वाचून, व्हिडिओ बघून शिकलो. अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून बघितली आणि १९७० च्या दशकात मांडलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. कुजका भाग झाड आतल्या आत कोंडून टाकतं आणि त्याच्यावरून नवं लाकूड चढवत जातं. म्हणून काप कुठं घेतला याला एवढं महत्त्व. फांदी खोडाला मिळते तिथं सालीची एक फुगीर वळी असते. काप त्या वळीच्या लगेच बाहेर घ्यायचा. ‘साफ दिसावं’ म्हणून खोडाला घासून कापलं तर कूज अडवणारी जागाच कापून टाकली. आणि फूटभर खुंट ठेवला तर तो कुजत कुजत आत शिरतो. हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी वखारीतल्या एका फळीवर बोट ठेवलं. तिच्यात जुन्या खुंटाभोवतीची काळी कूज बाणासारखी आत गेलेली होती. “ह्ये आमी रोज बघतोय, पन कशानं हुतं त्ये कुनी सांगितलं न्हवतं,” म्हणाले.

काप घेऊन झाला की कुणीतरी डांबराचा किंवा ऑइलपेंटचा डबा घेऊन उभं असतंच. मी हात जोडतो. रंगानं कूज थांबत नाही.

तासगावकडं माझ्या पाहुण्यांची द्राक्षबाग आहे. तिथं ऑक्टोबर छाटणीला काडीवरचे डोळे मोजून कात्री लावतात. एक डोळा मागं-पुढं झाला तर वर्षाचा माल हलतो हे लहान पोरालाही माहीत. त्याच घरातला माणूस दारातल्या आंब्याची फांदी गाडीला लागते म्हणून कोयत्याचे दहा घाव घालून ती मधूनच मोडतो, आणि साल बुंध्यापर्यंत सोलत येते. छाटणी कळत नाही असं म्हणावं तर तसं नाही. सावलीच्या झाडाचा माल बाजारात जात नाही, एवढंच.

आता एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात या धंद्याचं सगळं एका जागी आलं.

सदर बाजारातली एक सोसायटी. हा जुना कॅम्पाचा भाग. बंगले जाऊन इमारती आल्या तरी मोठी झाडं बरीच टिकून आहेत. या सोसायटीच्या आवारात एक प्रचंड रेन ट्री. मूळचं दक्षिण आणि मध्य अमेरिकेचं झाड. भराभर वाढतं, छत्री लांबवर पसरवतं आणि फांद्या आडव्या सोडतं. आधीच्या पावसाळ्यात त्याची एक फांदी स्कूटरवर पडली होती. शिवाय शेंगा चिकट, गाड्यांच्या काचा खराब होतात. सोसायटीत दोन तट पडलेले. वरच्या मजल्यांना झाड पाडायचं होतं, खालच्यांना सावली हवी होती. सेक्रेटरी काका मधल्या मजल्यावर राहतात, त्यामुळं त्यांचं मत रोज बदलायचं.

पहिल्या भेटीत मी दोर काढतच नाही. नुसता फिरतो. लोकांना वाटतं, हा चहाची वाट बघतोय. आधी बुंधा बघायचा, कारण झाड पडतं ते बहुतेक वेळा मुळाशी बिघडलेलं असतं. इथं पेव्हर ब्लॉक थेट सालीला भिडवलेले. पश्चिमेला गटारासाठी चर खणलेली, तिच्यात मनगटाएवढी दोन मुळं तोडलेली दिसत होती. झाडाची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच असतात, सोटमूळ पाताळात गेलेलं असतं ही समजूत खोटी. त्यामुळं चर कितीही उथळ असो, नुकसान होतंच. बुंध्याशी लाकडासारखी कडक बुरशीची छत्री उगवली आहे का ते पाहिलं, नव्हती. लाकडी हातोड्यानं बुंधा ठोकत गेलो. भरीव लाकूड टणक बोलतं, पोकळीवर आवाज बदलतो. एका बाजूला बदलला, पण थोडाच. मग दुर्बीण घेऊन बेचके पाहिले. दोन जाड फांद्या एकमेकींना घासून वर गेलेल्या आणि मध्ये साल दाबली गेलेली असेल तर तो जोड कच्चा. वरून कितीही मजबूत दिसो, वादळात तिथंच फाटतो. इथं असा एक बेचका होता.

झाड पाडण्यासारखं नव्हतं. आडव्या फांद्या फार लांब गेल्या होत्या, दुखणं ते होतं. भरलेली बादली हात लांब करून धरली की खांद्याला जे होतं, ते फांदीच्या जोडाला होतं. उपाय म्हणजे टोकाकडचं वजन कमी करून फांदी मागं घ्यायची. मागं घेताना मधूनच तोडायची नाही, तर आतल्या एखाद्या चांगल्या पोटफांदीपाशी तोडायची, आणि ती पोटफांदी तोडलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी, म्हणजे पुढचं काम ती सांभाळते. एका वेळी झाडाचा पाव भागापेक्षा जास्त पाला काढायचा नाही. उरलेलं दोन-तीन वर्षांनी.

हे सगळं सोसायटीच्या बैठकीत सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या एका साहेबांनी विचारलं, “एवढा उपद्व्याप कशाला? एकदाच पाडा ना!” तेव्हा मी कायदा काढला. नागरी भागात १९७५ चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा लागू आहे. झाड पाडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाडावर नोटीस लागते, हरकती घ्यायला सात दिवस असतात. साधी छाटणी करायची तरी अर्ज करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड ‘हेरिटेज’ धरलं जातं, आणि पाडलंच तर त्याचं जेवढं वय तेवढी झाडं लावायची. “हे झाड साठ वर्षांचं धरलं तर साठ रोपं. कुठं लावणार, गच्चीवर?” असं खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं. पाडायचा विषय तिथंच संपला. मी दोन तास बोलून जे झालं नसतं ते आजींनी एका वाक्यात केलं.

गावाकडं कायदा वेगळा. तिथं १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आहे. त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, साग अशी झाडं येतात. बांधावरचा आंबा आपल्या मालकीचा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, हे पुष्कळ शेतकऱ्यांना वखारवाल्याचा टेम्पो अडवल्यावरच कळतं. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जपायचा भाग. तिकडचं काम आलं की मी आधी कागद मागतो आणि मग झाडाबद्दल बोलतो.

तर, छाटणीचा अर्ज गेला, पाहणी झाली, परवानगी आली. डिसेंबर-जानेवारीत करायचं काम सोसायटीच्या बैठकांमुळं एप्रिलवर गेलं. ठरल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी दोर कुठून टाकायचा ते बघायला गेलो. पूर्वेकडच्या, बरोबर पार्किंगवरून जाणाऱ्या जाड फांदीत एक जुनी ढोली आहे. पहिल्या पाहणीत ती उघडी होती. आता तिचं तोंड लिंपलेलं होतं, मध्ये फक्त एक उभी फट, बोट जाईल एवढी. मी दुर्बीण लावून उभा राहिलो. थोड्या वेळानं राखी धनेश आला, खालच्या फांदीवर टेकला, इकडं-तिकडं मान वळवली आणि ढोलीपाशी येऊन सालीला लटकला. गळ्यातून एक पिकलेलं वडाचं फळ वर आणलं, चोचीच्या टोकात धरलं आणि फटीत सरकवलं. आतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं, फळ घेऊन गेलं. पुन्हा फळ, पुन्हा टोक. असं बराच वेळ.

धनेशाची मादी अंडी घालताना स्वतःला ढोलीत कोंडून घेते. विष्ठा आणि चिखल वापरून तोंड लिंपते, आणि त्या काळात तिचं आणि पिलांचं सगळं पोट नराच्या फेऱ्यांवर. तिथं करवत लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही बसत नाही आणि मामांच्या कायद्यात तर नाहीच. “बाळंतिनीच्या घरावर कुऱ्हाड घालायची न्हाय,” एवढंच म्हणाले आणि विषय मिटला.

सेक्रेटरी काकांचा मिटला नाही. “पाखरासाठी गाड्या फुटू द्यायच्या का आम्ही?” रास्त प्रश्न होता, फांदी खरोखरच जड होती. शेवटी असं ठरलं: बाकीच्या बाजू आत्ता करायच्या, पूर्वेची फांदी पिलं उडाल्यावर, आणि तोवर तिच्याखाली एकही गाडी लावायची नाही. दोरी बांधून जागा अडवली. दोरीला कोण जुमानतंय! पण आजी रोज तिथं खुर्ची टाकून बसू लागल्या. एकदा एका डिलिव्हरीवाल्या पोरानं मोटारसायकल लावली, तर आजींनी त्याला अख्खी धनेशाची गोष्ट ऐकवली आणि वर विचारलं, “तुझी आई बाळंतीण असताना असा आला असता का रे?” पोरगं पार्सल न देताच परत निघालं होतं.

कामाचा दिवस सकाळी लवकर सुरू होतो, कारण उन्हात हेल्मेटखाली डोकं शिजतं. पातळ दोरीला छर्ऱ्यांची छोटी पिशवी बांधायची आणि झोका देऊन ती हव्या त्या बेचक्यातून पलीकडं टाकायची. मग त्या दोरीला बांधून जाड दोर वर न्यायचा आणि आधी खालूनच दोघांनी लोंबकळून बेचका वजन घेतो का ते बघायचं. चढताना आधार प्रुसिकच्या गाठीचा: भार आला की आवळते, हातानं मोकळी केली की सरकते. खिळ्यांचे बूट घालून पटापट चढता येतं, पण ते पाडायच्या झाडाला ठीक. जगवायच्या झाडाला पावलागणिक भोक पडतं.

करवत चालू करायच्या आधी दुसरा पट्टा फांदीभोवती टाकायचा. समजा साखळी एका दोराला लागली, तरी दुसरा धरून ठेवतो. ब्रिटनमध्ये झाडावर चेनसॉ चालवायला वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागतं, आणि वर माणूस असताना त्याला उतरवू शकेल असा दुसरा माणूस खाली लागतो. आपल्याकडं कुणी विचारत नाही. तरी मी एकट्यानं चढत नाही. तिघांची मजुरी लावली की माझा भाव वाढतो आणि गिऱ्हाईक “अहो, तो दुसरा एकटा येतो” म्हणत फोन ठेवतं. ठेवू दे.

जाड फांदीला पहिला काप खालून, दुसरा वरून आणि थोडा पुढं. मग फांदी सुटते तेव्हा साल सोलत मागं येत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापानं वळीशी. पण फांदी नुसती टाकायची नसते. खाली जिना, पाण्याच्या टाकीचे पाइप, कुणाची तुळस. म्हणून तिला आधी दोर बांधायचा, तो वरच्या बेचक्यातून फिरवून खाली मामांकडं द्यायचा. बुंध्याला पट्ट्यानं एक लोखंडी खुंटा बांधलेला असतो. मामा त्याच्याभोवती दोराचे वेढे देतात आणि घर्षणावर शंभर-दीडशे किलोची फांदी एका हातानं सावकाश सोडतात. वर-खाली बोलायचे आमचे शब्द तीनच: धर, सोड, थांब. करवतीच्या आवाजात चौथा शब्द ऐकू येत नाही, आणि अर्धवट ऐकू आला तर जास्त घात.

फाटकावरच्या फांदीत साखळीतून ठिणग्या उडाल्या. कधीतरी गणपतीच्या लायटिंगला ठोकलेला खिळा, आता लाकडानं पूर्ण गिळलेला. शहरातल्या झाडांच्या पोटात काय काय निघतं! खिळे, क्लासच्या पाट्यांचे हुक, मांडवाची तार, एकदा तर ट्री गार्डची अख्खी पट्टी. साखळी गेली की खाली बसून एकेका दाताला गोल कानस मारायची, माझ्या छोट्या करवतीला ४ मिलिमीटरची लागते. प्रत्येक दाताला सारखे हात द्यायचे, नाहीतर काप एका अंगाला ओढतो. हे काम मला आवडतं. कुणी घाई करत नाही आणि चहा येतो.

बघ्यांना मात्र आवरता येत नाही. फांदी दोरावर लोंबकळत असताना तिच्याखालून मोबाइल वर करून चालत येणारी माणसं मी इतकी पाहिली आहेत की आता शिव्यासुद्धा सुचत नाहीत. आमचा तिसरा पोरगा शिट्टी फुंकून दमतो. शेळ्यावाल्या मावशी मात्र शहाण्या. दोरीबाहेर बसून राहतात आणि काम थांबलं की पाला आणि शेंगा पोत्यात भरून नेतात. त्यामुळं आमचं निम्मं झाडलोटीचं काम वाचतं.

संध्याकाळी सेक्रेटरी काका खाली आले, वर बघितलं आणि म्हणाले, “काही केल्यासारखं दिसत नाही हो.” या धंद्यात याच्याइतकी मोठी शाबासकी नाही, पण ती देणाऱ्याला शाबासकी द्यायची नसते! खाली पडलेला ढीग दाखवला तेव्हा कुठं पटलं.

‘केल्यासारखं दिसणारं’ काम कसं असतं ते रस्तोरस्ती दिसतं. एका ठेकेदारानं एका रांगेतली सगळी झाडं वरून बोडकी केली. फांद्यांचे नुसते खुंट. पहिल्या पावसात त्या खुंटांवर धुमाऱ्यांचे झुबके फुटतात आणि लोक म्हणतात, बघा, कसं हिरवं झालं. हे धुमारे सालीलगतच्या पातळ लाकडावर उगवलेले असतात, जुन्या फांदीसारखे खोडात रुजलेले नसतात. खाली खुंट कुजतो, वर धुमारा मनगटाएवढा होतो, आणि काही वर्षांत ते झाड आधीपेक्षा धोकादायक. मग पुन्हा तोच ठेकेदार येतो. मला एकदा अशा कामात मजुरीवर बोलावलं होतं, टनावर पैसे. मामा म्हणाले, पैसे चांगले आहेत. आहेतच. आम्ही गेलो नाही.

झाडं लावण्याचं चांगलं वारं साताऱ्यात आहे. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’मुळं गावोगाव माणसं खड्डे घेऊन तयार असतात. मला एवढंच वाटतं की लावलेल्या रोपाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी कात्री लावणारंही कुणी हवं. दोन शेंडे झाले असतील तर एक ठेवायचा, कच्चा बेचका तेव्हाच काढायचा. तेव्हा ते हातातल्या कात्रीचं काम असतं; चाळीस वर्षांनी त्यासाठी मला तीन माणसं आणि दोर घेऊन यावं लागतं. अर्थात मग माझं पोट कसं चालणार, हाही प्रश्न आहे.

पोटाचं म्हणाल तर वर्षाचं गणित उफराटं आहे. डिसेंबर ते फेब्रुवारी कामाला चांगले महिने, तेव्हा फोन थंड. मे महिन्यात पहिलं वळीव झालं, कुठं गुलमोहोर आडवा झाला, की एका दिवसात दहा फोन, सगळ्यांना उद्या सकाळी पाहिजे. पडलेलं झाड उभ्या झाडापेक्षा जास्त दगा देतं. फांद्या वाकून ताणात अडकलेल्या असतात. ताण कुठल्या अंगाला आहे ते न ओळखता करवत लावली की फांदी उसळून तोंडावर येते. तिथं मी दर जास्त लावतो आणि त्याबद्दल मला लाज वाटत नाही. पावसाळ्यात मधले दिवस बसून जातात. विम्याचं म्हणाल तर या कामाला बसेल असा रकाना कुठल्या फॉर्मात मिळत नाही. तिघांचीही वर्षाला वीस रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, दोन लाखांची. दोराला मात्र कंजूषपणा करत नाही. शंका आली की दोर बाद; बाद दोर मामांच्या गोठ्यात जातो.

काही कामं माझ्याकडं येतात ती निव्वळ भीतीनं. भिंतीत उगवलेला पिंपळ काढायचा असतो, पण घरातलं कुणी हात लावायला तयार नाही. मुंजा असतो म्हणतात. मुंजाचं जे व्हायचं ते माझं होऊ दे, असा तो ठराव. मीही नारळ फोडून सुरुवात करतो, कारण मामा त्याशिवाय दोर धरत नाहीत. याच्या उलट वटपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात हमखास कुणीतरी वडाच्या फांद्यांची गाडी मागतं, मंडईत विकायला. त्याला मी नाही म्हणतो. पारंब्या गाड्यांना लागतात म्हणून कापून द्या, असाही फोन येतो. वडाच्या ज्या पारंब्या जमिनीत रुजल्या त्याच पुढं आडव्या फांद्या तोलतात. जावळीत म्हसव्याचा वड आहे, १८८२ साली मोजला तेव्हा त्याच्या विस्ताराचा घेर १,५८७ फूट भरल्याची जुनी नोंद आहे. पारंब्या कापत बसले असते तर ती मोजणी झालीच नसती. हे सांगितल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, बरं, दोनच कापा.

सदर बाजारातली पूर्वेकडची फांदी जूनअखेर पावसाची उघडीप बघून केली. ढोली तोवर रिकामी होती, लिंपण फुटून खाली पडलेलं. ढोली ठेवून फांदीचं टोक मागं घेतलं, पार्किंग मोकळं झालं, आजींची ड्यूटी संपली. बिल देताना सेक्रेटरी काकांनी पावतीवर ‘झाड तोडणी’ लिहिलं होतं. खोडून ‘छाटणी’ करून घेतलं, कारण परवानगी छाटणीची होती. पश्चिमेची चर बुजवून बुंध्याभोवतीचे पेव्हर ब्लॉक चार फूट मागं घ्या, असं मी लेखी दिलंय. त्यावर अजून बैठक झालेली नाही. उरलेली छाटणी दोन वर्षांनी डिसेंबरात करायची आहे. त्याचा दर आत्ताच ठरवू म्हटलं तर काका म्हणाले, “तेव्हाचं तेव्हा बघू. आणि यावेळी लाकूड तरी तुम्हीच न्या, म्हणजे थोडं कमी होईल.”